अपघात दिसला तर थांबायचं की निघून जायचं? मदत केली तर पोलीस खरंच मागे लागतात का?

हायवेवर एक दुचाकी आडवी पडलेली असते. शेजारी एक माणूस रक्तबंबाळ अवस्थेत असतो. गाड्या हळू होतात, काचा खाली होतात, लोक बघतात आणि पुढे निघून जातात. थोडी गर्दी जमते. दोघं-तिघं मोबाईल काढून शूट करायला लागतात. 'अॅम्ब्युलन्सला फोन केला का कुणी?' असं प्रत्येक जण विचारतो आणि बऱ्याचदा फोन कुणीच केलेला नसतो.

यातले सगळे लोक निर्दयी असतात का? तर नाही. बहुतेकांच्या डोक्यात एकच वाक्य असतं, 'नको रे बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल.'

ही भीती उगाच आलेली नाही. एक काळ असा होता की ती बऱ्यापैकी खरी होती. पण आता कायदा बदलला आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, जखमीच्या उपचारासाठी पैशांची सोय आहे आणि धडक देऊन गाडी पळून गेली तरी घरच्यांना भरपाई मिळू शकते. अडचण अशी आहे की हे सगळं कागदावर आलं, पण लोकांपर्यंत पोचलंच नाही.

आधी आकडे बघू

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात ४ लाख ८० हजारांहून जास्त रस्ते अपघात झाले. त्यात १ लाख ७२ हजारांहून जास्त लोकांचा जीव गेला. म्हणजे दर तासाला जवळपास २० मृत्यू. तुम्ही हा लेख वाचून संपवेपर्यंत देशात रस्त्यावर तीन-चार जणांचा जीव गेलेला असेल.

एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. रोजचे सरासरी ४२.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. भारताच्या विधी आयोगाने २००६ च्या आपल्या अहवालात म्हटलं होतं की, अपघातात दगावणाऱ्यांपैकी निम्मे लोक वेळेत उपचार मिळाले असते तर वाचू शकले असते. म्हणजे अनेकांचा जीव धडकेने जात नाही, धडकेनंतर गेलेल्या वेळेमुळे जातो.

दुखापत झाल्यानंतरच्या पहिल्या एका तासाला 'गोल्डन अवर' म्हणतात. मोटार वाहन कायद्यातसुद्धा या शब्दाची व्याख्या आहे. या तासात रक्तस्राव थांबला, श्वास चालू राहिला आणि जखमी योग्य रुग्णालयात पोचला तर जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि या तासातली सुरुवातीची मिनिटं ना डॉक्टरच्या हातात असतात, ना पोलिसांच्या. ती तिथे हजर असलेल्या अनोळखी माणसांच्या हातात असतात.

मग लोक घाबरतात का?

यामागे जुना इतिहास आहे. १९८० च्या दशकात एका स्कूटरस्वाराला कारने धडक दिली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोलीस केस असलेले रुग्ण आम्ही घेत नाही, साधारण २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तिथे पोचण्याआधीच तो माणूस गेला.

ही बातमी पेपरात आली. ती वाचून परमानंद कटारा यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, जखमी माणूस समोर आला की आधी उपचार, कागदपत्रं नंतर. मग रुग्णालय सरकारी असो वा खासगी, आणि केस पोलिसांची असो वा नसो.

डॉक्टरांची जबाबदारी ठरली. पण जखमीला उचलून आणणाऱ्या माणसाचं काय? त्याला दारातच अडवायचं, 'अॅडमिशनचे पैसे भरा' म्हणायचं, पोलिसांनी नाव-गाव लिहून घ्यायचं, पुढे साक्षीसाठी कोर्टाच्या तारखा लागायच्या. कधी कधी तर 'तूच उडवलंस का?' असाही प्रश्न यायचा. एकाला असा अनुभव आला की तो दहा जणांना सांगणार, 'मध्ये पडू नकोस.'

रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं की, अपघातग्रस्ताला आपण मदत करण्याची शक्यता कमी आहे. त्यातल्या ८८ टक्के लोकांनी कारण दिलं ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या यांचं. याच संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती आणि तिथून चित्र बदलायला लागलं.

आता कायदा काय सांगतो?

मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बंधनकारक स्वरूप दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम आले.

कायद्याच्या भाषेत अशा माणसाला 'गुड समॅरिटन' म्हणतात. सोप्या भाषेत, कसलीही अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणारा माणूस. त्याला काय संरक्षण आहे?

- पोलीस किंवा रुग्णालय तुम्हाला नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती करू शकत नाहीत. द्यायचा की नाही, हा निर्णय तुमचा.
- जखमीला रुग्णालयात पोचवल्यानंतर तुम्हाला तिथे थांबवून ठेवता येत नाही.
- तुम्ही नातेवाईक नसाल तर रुग्णालय तुमच्याकडे नोंदणीचे किंवा भरतीचे पैसे मागू शकत नाही.
- तुम्ही चांगल्या हेतूने मदत केली आणि तरी जखमीचा मृत्यू झाला किंवा दुखापत वाढली, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.
- साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तयार झालात तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी, एकाच वेळी घ्यायचा असतो. तुम्हाला पुन्हा पुन्हा पोलीस ठाण्यात बोलावणं अपेक्षित नाही.
- जात, धर्म, लिंग असा कोणताही भेदभाव न करता तुम्हाला सन्मानाने वागवणं बंधनकारक आहे.

हे हक्क स्थानिक भाषेत लिहिलेला फलक रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ लावणंही नियमात आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात तर तो फलक दिसतोय का, हे जरूर बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हे संरक्षण मदत करणाऱ्यासाठी आहे, धडक देणाऱ्यासाठी नाही. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कायद्यानेच आहे.

सरकारने मदत करणाऱ्यांसाठी बक्षीसही ठेवलं आहे. गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये रुग्णालयात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला २०२१ पासून ५ हजार रुपये दिले जायचे. २०२५ मध्ये ही रक्कम २५ हजार झाली. योजनेचं नाव आहे 'राह-वीर'.

एवढं सगळं असूनही सेव्हलाइफच्याच २०१८ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना असा काही कायदा आहे, हेच माहीत नव्हतं.

अपघात दिसला तर नेमकं काय करायचं?

पहिला नियम, आपण स्वतः दुसरा अपघात व्हायचं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा. रात्र असेल तर कुणाला तरी मागे थोड्या अंतरावर उभं करून मोबाईलचा टॉर्च दाखवायला सांगा. हायवेवर अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांनाच मागून येणाऱ्या गाडीने उडवल्याच्या घटना घडतात.

दुसरं काम फोनचं. ११२ किंवा १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे. जागा सांगताना 'पुण्याच्या पुढे' असं मोघम सांगू नका. किलोमीटरचा दगड, जवळचा टोल नाका, पूल, पेट्रोल पंप, गाडी कोणत्या बाजूला जात होती हे सांगा. किती जण जखमी आहेत, कुणी गाडीत अडकलंय का, कुणी बेशुद्ध आहे का, तेही सांगा. गर्दीत 'कुणीतरी फोन करा' म्हणण्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून 'दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा' असं सांगितलं की काम होतं.

मग जखमीकडे वळा.

- रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. जमलं तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा.
- शुद्धीत असेल तर त्याच्याशी बोलत राहा. 'अॅम्ब्युलन्स येतेय, मी इथेच आहे' एवढं वाक्यही खूप धीर देतं.
- मान आणि पाठ हलू देऊ नका. गाडीला आग लागण्याचा किंवा दुसरा तसाच धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. मणक्याला मार असेल तर ओढाओढीत आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं.
- श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई करू नका. फक्त काच वर करा. श्वास अडत असेल आणि हेल्मेट काढावंच लागलं तर एकाने डोकं-मान धरायची आणि दुसऱ्याने हळू काढायचं.
- पाणी, चहा, काहीही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि लगेच ऑपरेशन करायचं झालं तर अडचण होते.
- अॅम्ब्युलन्स यायला फार वेळ लागणार असेल आणि रक्त थांबत नसेल, तर मोठ्या गाडीत, शक्यतो आडवं झोपवून रुग्णालयात न्या. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं शक्य तेवढं टाळा.

आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याचं काय? गाडीचा नंबर, गाड्यांची जागा, रस्त्याची अवस्था यांचे दोन-चार फोटो पुढे पोलिसांना आणि त्या कुटुंबाला खूप उपयोगी पडतात. विशेषतः धडक देणारा पळत असेल तर. पण जखमीचा चेहरा, रक्त, मृतदेह यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याने कुणाचंच भलं होत नाही. आपला मुलगा गेला, हे एखाद्या आईला व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमधून कळणं यासारखी दुसरी वाईट गोष्ट नाही. असा व्हिडिओ आलाच तर तो तुमच्याकडेच थांबवा.

उपचाराचे पैसे कोण भरणार?

गावाकडच्या माणसाला हायवेवर अपघात झाला की घरचे पोचेपर्यंत दोन-चार तास जातात. तोवर 'आधी डिपॉझिट भरा' म्हणून उपचार थांबले तर गोल्डन अवर तसाच निघून जातो.

यासाठी ५ मे २०२५ पासून देशभर कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे. अपघात झाल्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनाशुल्क मिळतात. अपघात हायवेवर झाला की गल्लीत, याने फरक पडत नाही. त्यात मोटार वाहनाचा संबंध असला पाहिजे, एवढंच. उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत मिळतात. दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर तिथे प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात.

ही तरतूद कायद्यात २०१९ पासूनच होती, पण योजना निघत नव्हती. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मुदत घालून दिली, तेव्हा ती आली.

म्हणून रुग्णालयात पोचल्यावर घरच्यांनी थेट विचारावं, 'अपघाताच्या कॅशलेस योजनेत नोंद केली का?' सात दिवसांनंतरही उपचार चालू राहणार असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावं. शिवाय घरात कुणाची अपघात विमा पॉलिसी आहे का, बँकेच्या एटीएम कार्डवर अपघात विमा आहे का, कंपनीचा ग्रुप विमा आहे का, हेही तपासावं. अनेक घरांत असा विमा असतो आणि कुणालाच आठवत नाही.

गाडी पळून गेली तर भरपाई मिळते का?

मिळते. आणि हीच माहिती सगळ्यात कमी लोकांपर्यंत पोचली आहे.

धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर 'हिट अँड रन' योजनेतून मृताच्या कुटुंबाला २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ आधी हीच रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०२२ या वर्षात देशात हिट अँड रनच्या ६७,३८७ घटनांची नोंद झाली. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी आलेले अर्ज होते फक्त २०५.

सगळ्याच घटना भरपाईला पात्र नसतील. काही वाहनं नंतर सापडली असतील, काहींच्या जखमा किरकोळ असतील. पण तरीही ६७ हजार कुठे आणि २०५ कुठे? जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच याकडे बोट दाखवलं. एक महिन्यात वाहन सापडलं नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा कुटुंबाला या योजनेबद्दल लेखी कळवायचं, असा आदेश न्यायालयाने दिला.

अर्ज कुठे करायचा? ज्या भागात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा दुखापतीचा वैद्यकीय दाखला, ओळखपत्र आणि बँक खात्याची माहिती लागते. चौकशीनंतर जिल्हाधिकारी पातळीवर मंजुरी होते आणि पैसे थेट खात्यात येतात. एफआयआरमध्ये 'अज्ञात वाहन' अशी नोंद आहे म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. या योजनेची सुरुवात तिथूनच होते.

आणि गाडी सापडली असेल तर?

तेव्हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. कोर्टाच्या आवारात याला सगळे 'एमएसीटी' म्हणतात.

रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो याच कामासाठी असतो. चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक समोरच्याची होती हे दाखवता आलं तर भरपाई त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. ती ठरते गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर किती जण अवलंबून होते यावरून.

'ती तर घरीच असायची, तिची कसली कमाई?' असं अनेक कुटुंबांना वाटतं. हे चूक आहे. गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे आणि भरपाई ठरवताना ते धरायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा एकदा ठामपणे सांगितलं आहे.

या प्रक्रियेत घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

- एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं एका फाइलमध्ये ठेवा. रुग्णालयात जा-ये केलेल्या भाड्याच्या पावत्याही ठेवा.
- पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, याचा पाठपुरावा करा.
- दाव्यासाठी कायद्यात ६ महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून आपणहून आशा सोडू नका, आधी वकिलाला विचारा. पण मुदतीत दावा केलेला केव्हाही चांगला.
- दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. नांदेडच्या माणसाचा अपघात खोपोलीजवळ झाला म्हणून घरच्यांनी दर तारखेला रायगड गाठायची गरज नाही.
- रुग्णालयाच्या दारातच काही एजंट भेटतात, 'केस आमच्याकडे द्या, मिळेल त्यातले इतके टक्के आमचे' म्हणतात. वकिलाने भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाची चौकशी करा.

पैशांपलीकडचा आधार

अपघाताची बातमी एक दिवसाची असते. त्या घराचा अपघात मात्र पुढे कित्येक वर्षं चालू असतो. कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, बायकोला नोकरी शोधावी लागते, मुलांची शाळा बदलते. जो वाचतो त्याला हॉर्नचा आवाज आला तरी दचकायला होतं. झोप लागत नाही, गाडीत बसायची भीती वाटते, 'मी वाचलो आणि तो का गेला' हा प्रश्न छळत राहतो.

यातलं काहीही वेडेपणाचं लक्षण नाही. एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर मन असंच वागतं. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. महिनाभरानंतरही त्रास कमी होत नसेल, तर मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आजूबाजूच्यांनी काय करावं? भेटायला येणारा प्रत्येक जण 'नेमकं झालं कसं?' विचारतो आणि घरच्यांना तोच प्रसंग पन्नासदा सांगावा लागतो. त्याऐवजी डबा पाठवा. मुलांना शाळेत सोडा. तहसील कार्यालयात सोबत जा, फाइल लावून द्या. 'हेल्मेट घातलं असतं तर' हे वाक्य त्या घरात बोलू नका, ते त्यांना तुमच्याआधी सुचलेलं असतं. आणि तेरावा उरकला की सगळे आपापल्या कामाला लागतात, तेव्हा एक फोन करा. खरी गरज त्यानंतरच सुरू होते.

दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी जगभरात रस्ते अपघातात गेलेल्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही.

पण अपघात होऊच नयेत म्हणून काय?

आपल्याकडे अपघातातून वाचलेल्याबद्दल म्हणतात, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' आणि गेलेल्याबद्दल, 'नशीबच तेवढं.' पण आकडे नशिबाची गोष्ट सांगत नाहीत.

२०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून जास्त दुचाकीस्वार आणि मागे बसलेले लोक दगावले. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो.

वेगाचं गणित सोपं आहे. ताशी ५० च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी ६० ने जाताना समोर काही दिसलं आणि ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते.

मागच्या सीटवर बेल्टची काय गरज, असं अनेकांना वाटतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. धडकेच्या क्षणी गाडी थांबते, पण बेल्ट नसलेला माणूस गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो.

मात्र सगळा दोष चालकावर टाकून भागत नाही. रस्त्याचीही चूक असते. पुण्याचा नवले पूल बघा. नव्या कात्रज बोगद्याकडून येणारा लांबलचक उतार, त्यावरून येणारे जड ट्रक आणि खाली शहराची वाहतूक. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका जड वाहनामुळे डझनावारी गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक चुकतोच, पण एकाच जागी वर्षानुवर्षं अपघात होत असतील तर तिथली रचनाही तपासायला हवी.

सरकारी भाषेत अशा जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० मृत्यू झाले, तर ती जागा राष्ट्रीय महामार्गावरचा ब्लॅक स्पॉट ठरते.

आणि रस्ता सुधारला तर फरक पडतो का? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेने याचं उत्तर दिलं आहे. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस, महिंद्रा आणि सेव्हलाइफ यांनी मिळून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' नावाचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक अपघाताचं कारण शोधलं गेलं. कडेला थांबलेले ट्रक, कठडे नसलेले उघडे खांब, अपुरे फलक अशी एकेक कारणं सापडली. त्यावर कठडे, फलक, गस्त आणि तातडीची वैद्यकीय मदत असे उपाय झाले. २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्या वर्षी लॉकडाऊन होता हे खरं, पण उतार त्याआधीच लागला होता. रस्ता तोच, घाट तोच, पाऊस तोच. मग बदललं काय? प्रत्येक मृत्यूनंतर 'का झाला' हा प्रश्न विचारला गेला.

थोडक्यात काय?

मदत करणाऱ्याला पोलीस सक्ती करू शकत नाहीत. जखमीला ७ दिवस, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. गाडी पळून गेली तरी २ लाख किंवा ५० हजारांची भरपाई आहे. आणि ११२, १०८, १०३३ हे तीन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह असायला हवेत.

अपघाताचे व्हिडिओ पाच मिनिटांत शंभर ग्रुपवर पोचतात. त्याच ग्रुपवर हे चार मुद्दे पोचले, तर पुढच्या वेळी रस्त्यावरच्या गर्दीतला निदान एक माणूस मोबाईलचा कॅमेरा बंद करून १०८ लावेल. आणि 'अज्ञात वाहन' लिहिलेला कागद हातात घेऊन बसलेल्या एखाद्या घराला कुणीतरी सांगेल की, उद्या तहसीलला जाऊ, मी येतो सोबत.